उंबरठ्याआधीचा उंचवटा

१२ जानेवारी

चि. टिल्लू,

पाकिटावरचं अक्षर तुझ्या बाबांचं आहे. माझं अक्षर पाहिलंस तर तू पाकीट न उघडताच कुठेतरी टाकून देशील, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं नाही, पण वाद घालण्याइतकं महत्त्वाचंही वाटलं नाही. मेलला तू उत्तर देत नाहीस, म्हणून कागद.

कामाचं लिहिते. मागच्या आठवड्यात एका नियतकालिकाकडून माझ्याकडे एक निबंध तपासायला आला. निवृत्त झाले तरी अधूनमधून येतात. उघडला तर लेखकांत पहिलं नाव तुझं. संपादकांना नातं माहीत नव्हतं. लग्नानंतर मी आडनाव बदललं नाही, त्याचा हा परिणाम. मी निबंध परत पाठवला आणि कळवलं, की लेखक माझा मुलगा आहे, मला हे काम करता येणार नाही. पण परत पाठवण्याआधी मी तो वाचला होता. सगळा. तिसरा आलेख पुन्हा पुन्हा.

मग संपादकांना फोन करून विचारलं, आता मी परीक्षक नाही, तर लेखकाला सरळ लिहिलं तर चालेल का? ते म्हणाले, "बाई, आता तुम्ही नुसत्या आई आहात. आईला अडवायला माझ्याकडे नियम नाही." म्हणून लिहिते आहे.

तुझे बाबा शेजारी बसलेत. म्हणतात, "मलाही कळेल असं लिही, नाहीतर पाकीट चिकटवणार नाही." दातांच्या डॉक्टरला कळेल असं लिहायचं म्हणजे तुला कंटाळा येणार. सोसून घे.

ज्या रेणूवर मी उमेदीची वर्षं घालवली, त्याच रेणूचा बंध तू लेझरने तोडलास. धातूचे दोन अणू, मधे बंध. तो तोडायला किती ऊर्जा लागते, हे मी गणितानं काढलं होतं, तू मोजलंस. तुझा आकडा माझ्यापेक्षा बराच कमी आला. निबंधात तू लिहिलंस, की जुन्या गणनेत इलेक्ट्रॉन सहसंबंध नीट धरलेला नसल्यामुळे बंध आहे त्यापेक्षा बळकट दिसतो. संदर्भ क्रमांक चौदा. चौदा म्हणजे मी. त्याचं मला काही वाटलं नाही.

बाबांनी विचारलं, सहसंबंध म्हणजे काय. इतकी वर्षं संसार केल्यावर विचारलं. मी सांगितलं: साध्या हिशेबात प्रत्येक इलेक्ट्रॉनला बाकीच्यांची सरासरी गर्दी तेवढी दिसते. खरे इलेक्ट्रॉन तसे नसतात, ते क्षणोक्षणी एकमेकांना चुकवत असतात. त्या चुकवाचुकवीनं रेणूची ऊर्जा थोडी उतरते. ती किती उतरते ते काढायचं, एवढंच मी आयुष्यभर केलं. ते म्हणाले, "जिन्यात वरच्या मजल्यावरचे वकील दिसले की मी करतो, तसं?" साधारण तसंच.

आता मुद्दा. लेझरची ऊर्जा वाढवत नेली की तिसऱ्या आलेखात रेणूचे तुकडे दिसायला लागतात, तो उंबरठा तू एका जागी धरला आहेस. त्याच्या अगदी सुरुवातीला, खरा चढ लागण्याआधी, एक बारीक उंचवटा आहे. तू तो उंबरठ्यातच मोजलास. मला वाटतं तो वेगळ्या रेणूंचा आहे. रेणू तोच, पण काही रेणू तळाच्या अवस्थेत नसून एक पायरी वर उभे आहेत. दोन अणूंवरच्या इलेक्ट्रॉनांच्या फिरक्या एकमेकींच्या उलट असतात तेव्हा रेणू तळाला असतो. ती मांडणी जरा बदलली की तो एक पायरी वर चढतो. असे रेणू तुझ्या यंत्रात सोडलेल्या झोतात थंड न होता तसेच राहिले असतील, तर त्यांना माळ्यावर, म्हणजे बंध तुटतो त्या उंचीवर, पोचायला कमी चढावं लागेल. तू त्यांची चढण मोजलीस आणि ती जमिनीपासूनची समजलास.

तपासणं सोपं आहे. झोतातले रेणू आणखी थंड करून बघ. वाहक वायू बदल, नळी लांब घे. उंचवटा बसला, तर माझं खरं.

बाकी इथे सर्व ठीक.

आई

३० जानेवारी

चि. टिल्लू,

तुझं उत्तर रविवारी बाबांच्या फोनवरून मिळालं. मी फोन ऐकत नाही, पण ते स्पीकर लावतात आणि मी बाजूच्या खोलीत असते. "तिला सांगा, माझ्या कामात नाक खुपसू नको म्हणावं. तिला तिचा आकडा वाचवायचाय." बाबांनी मला सांगताना ते "तो जरा गडबडीत होता" असं सांगितलं. मी ऐकलंय, हे त्यांना माहीत आहे. आम्ही दोघांनी ते तसंच चालू ठेवलं.

आकडा वाचवायचा असता, तर मी निबंध ठेवून घेऊन परीक्षक म्हणून नाकारला असता. माझं नाव कोणालाही कळलं नसतं. ते सोपं होतं.

पण फोन ठेवताना तू एक वाक्य बोललास, तो खरा प्रश्न आहे. "तिच्याच पेपरमध्ये ती वरची पायरी इतकी उंच आहे, की तिथे एक रेणू टिकायचा नाही. मग आता ती खाली कशी आली?" बरोबर. माझ्या जुन्या गणनेत ती पायरी उंच आहे. तेवढी उंच असेल तर माझं म्हणणं कोसळतं. याचं उत्तर आज माझ्याकडे नाही. पुन्हा हिशेब करावा लागेल.

तुझी कायमची नेमणूक एप्रिलमध्ये ठरणार आहे आणि हा निबंध त्या अर्जातला मुख्य आहे, हे सूनबाईंनी बाबांना सांगितलं आणि बाबांनी मला. निबंध जानेवारीतच पाठवलास त्याचं कारण ते असावं. मी फक्त नोंद करते आहे.

आई

ता.क. मी बाबा. पाकीट चिकटवायच्या आधी लिहितोय. तुझी आई परवापासून पुन्हा डिपार्टमेंटला जायला लागली. तिची खोली कधीच दुसऱ्याला दिली, तर मुलांच्या हॉलमध्ये बसते. खुर्चीला एक हात नाही. मी विचारलं, कशाला? म्हणाली, "त्याने प्रश्न बरोबर विचारला." मला इतक्या वर्षांत असं सर्टिफिकेट मिळालेलं नाही. तू फोन नको करू, पण माहीत असू दे.

२१ फेब्रुवारी

चि. टिल्लू,

गणना झाली. यंत्र गोगलगायीने दिलं. ती माझी जुनी विद्यार्थिनी. तुला आठवत असेल, घरी यायची, एक गणित सोडवायला आठवडा लावायची आणि नंतर त्यात चूक सापडायची नाही. आता ती विभागप्रमुख आहे. मी यंत्रावर वेळ मागितला तर म्हणाली, "बाई, अर्ज कसला करता? तुम्ही मागता आहात म्हणून मला भीती वाटतेय." भीती कशाची ते विचारलं नाही.

निकाल असा. त्या काळी आम्ही फक्त बाहेरच्या कवचातल्या इलेक्ट्रॉनांना एकमेकांना चुकवू दिलं होतं. आतल्यांना गोठवून ठेवलं होतं, कारण ते सगळं यंत्रात मावत नव्हतं आणि आतल्यांनी फारसा फरक पडत नाही असं सगळे मानत. या वेळी आतलेही मोकळे सोडले. ती पायरी निम्म्याहून खाली आली. तेवढ्या उंचीवर तुझ्या झोतातले काही रेणू आरामात टिकतील.

दुसरंही झालं. आतले मोकळे सोडल्यावर माझा बंध-ऊर्जेचा मूळ आकडाही खाली आला. तुझ्याइतका नाही, पण आला. म्हणजे संदर्भ क्रमांक चौदाबद्दल तू लिहिलंस ते अर्धं खरं आहे. तपशील सोबत जोडलेत. गोगलगायीने स्वतंत्रपणे सगळं पुन्हा चालवून पाहिलं, तिचे आकडे लाल शाईत आहेत.

कागद बाबांपुढे ठेवले, तर ते एकदम चिडले. म्हणाले, "अगं, पोराला हे असे आकडेच पाठवणार का तू जन्मभर?" मी म्हटलं, तो आकडे वाचतो. ते म्हणाले, "तेव्हा जेवायच्या टेबलावर जे बोललीस, त्यापेक्षा कानाखाली दिली असतीस तर बरं झालं असतं. ते तरी विसरला असता."

हा विषय मी काढणार नव्हते. पण घरात निघालाच आहे तर तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. तू विचारलंस, मी तुझ्या विषयात येऊ का? सूनबाई तेव्हा सून नव्हत्या. पहिल्यांदाच घरी जेवायला आल्या होत्या. मी म्हटलं, "नको. तुझं डोकं त्यासाठी नाही. हात चांगले आहेत, प्रयोगाकडे जा." तू ताटावरून उठला नाहीस. सगळं संपवलंस, ताट विसळून ठेवलंस. म्हणून मला वाटलं, तुला पटलं.

मत चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. तुझा तिसरा आलेख मी तीस वर्षांत पाहिलेल्या आलेखांत सर्वांत स्वच्छ आहे. इतका स्वच्छ नसता तर उंचवटा दिसलाच नसता.

आई

१८ मार्च

चि. टिल्लू,

सूनबाईंचा फोन आला. या वेळी बाबा दवाखान्यात होते, त्यामुळे मला घ्यावा लागला. मी म्हटलं, "ते घरी नाहीत." त्या म्हणाल्या, "आई, मी तुम्हालाच केलाय." मला फोनवर कसं बोलायचं ते जमत नाही, हे त्यांना ठाऊक असावं, कारण मग त्या एकट्याच बोलत राहिल्या.

त्यांनी सांगितलं ते असं. तू दोन आठवडे कुणाशी नीट बोलला नाहीस. मग एक दिवस वायू बदललास, नळी लांब केलीस. उंचवटा बसला. पूर्ण नाही, पण बसला. नात चित्र दाखवायला आली तर तू तिला म्हणालास, "आत्ता नको, बाबाचं घर पडतंय." तिने तिच्या ठोकळ्यांचं घर आणून दिलं. हे सांगताना सूनबाई हसल्या. मग हसू थांबलं.

नवा उंबरठा पहिल्यापेक्षा वर आहे. माझ्या नव्या आकड्याच्या खाली आहे. तू संपादकांना कळवून निबंध मागे घेतलास. परीक्षकांचे अहवाल दोन्ही चांगले होते, असंही कळलं. म्हणजे तू गप्प राहिला असतास तर तो एप्रिलच्या आत छापून आला असता.

निवड समितीला तू स्वतःहून कळवलंस, की अर्जातला हा निबंध धरू नका. सूनबाई म्हणाल्या, "मी त्यांना म्हटलं, एक महिना थांबला असता तर काय बिघडलं असतं? ते म्हणाले, मला माहीत आहे ना आता."

त्यांनी विचारलं, "आई, आहात ना?" मी म्हटलं, आहे.

तुझ्या-माझ्या आकड्यांत अजून फट आहे. ती तुझ्या मोजमापातल्या संभाव्य चुकीच्या मर्यादेत बसत नाही आणि माझ्या गणनेच्याही नाही. कुणाचं तरी काहीतरी अजून राहिलं आहे. मी माझ्या बाजूनं शोधते आहे.

आई

ता.क. बाबा. आईने फोन ठेवल्यावर मला दवाखान्यात फोन केला. पेशंटच्या तोंडात माझा हात होता. म्हणाली, "त्याने मागे घेतला." मी म्हटलं, "काय?" तर ठेवून दिला. संध्याकाळी घरी आलो तर स्वयंपाकघरातली सगळी भांडी काढून घासत बसली होती. घासलेलीच.

४ मे

चि. टिल्लू,

जागा दुसऱ्याला मिळाली हे बाबांकडून समजलं. ज्यांना मिळाली त्यांचं काम मी वाचलं आहे. बरं आहे. तुझं अधिक चांगलं आहे. पण समितीपुढे जे होतं त्यावरच तिने ठरवलं, आणि ते तूच कमी केलं होतंस. यात कुणावर अन्याय झाला असं म्हणता येत नाही. म्हणता आलं असतं तर सोपं गेलं असतं.

तुझा सध्याचा करार वर्षभर आहे, असं बाबा म्हणाले. गोगलगायीकडे एक जागा निघणार आहे. मी तिच्याशी बोललेले नाही आणि बोलणारही नाही. तुला विचारायचं असेल तर तू विचार. ती माझं ऐकून कुणाला घेणार नाही, हे मी तिला शिकवलंय.

तू येणार आहेस असं बाबांनी सांगितलं. एकटाच, दोन दिवस. त्यांनी तुझ्या खोलीतले पडदे धुवायला काढलेत. मी विचारलं, कशासाठी येतो आहे? ते म्हणाले, "घरी यायला कारण लागतं का?" इतकी वर्षं लागत होतं, म्हणून विचारलं.

उतरशील तेव्हा मुख्य रस्त्याने येऊ नकोस, तो खणून ठेवलाय. बँकेच्या मागच्या गल्लीतून ये.

आई

२९ मे

चि. टिल्लू,

तू गेल्यापासून हे पत्र लिहायला घेतलंय. तीनदा फाडलं. बाबा म्हणाले, "तू पत्र फाडतेस? तू?" म्हणून आता जे येईल ते लिहिते.

पहिल्या दिवशी तू फक्त त्यांच्याशी बोललास. दाढ, गुडघा, नातीची शाळा. मी ताटं वाढली. दुसऱ्या दिवशी सकाळी तू लॅपटॉप टेबलावर ठेवलास आणि माझ्याकडे न बघता म्हणालास, "ही उरलेली फट कुणाची?" तिथून जे सुरू झालं ते जेवायची वेळ टळली तरी संपेना. तू म्हणालास माझा आधार-संच अपुरा आहे (बाबांसाठी: ज्या ठरावीक सूत्रांनी इलेक्ट्रॉनांचं चित्र जोडून काढतात, तो संच). मी म्हटलं तुझ्या झोतात अजून गरम रेणू आहेत. तू टेबलावर हात आपटलास. मी पेन्सिल फेकली. मी कधी काही फेकलेलं तू पाहिलं नव्हतंस, मीही नाही. बाबा दारात येऊन म्हणाले, "तुमचे इलेक्ट्रॉन एकमेकांना चुकवत असतील, पण मला भूक चुकवता येत नाही. टेबल मोकळं करा." आपण केलं नाही. ते रुसून दवाखान्यात गेले. त्या दिवशी दवाखाना बंद असतो.

मग तू विचारलंस, "आई, तेव्हा म्हणाली होतीस ते आजही म्हणशील?"

मी म्हटलं, "हो."

तू हसलास. मी तयार नव्हते त्याला. तू म्हणालास, "मलाही आता तसंच वाटतं. मी भिकार थिअरिस्ट झालो असतो. पण तू मला विचारलं नाहीस, की मला का यायचं होतं." मी विचारलं, "का यायचं होतं?" तू म्हणालास, "तुझ्याबरोबर काम करायला. विषय कुठलाही चालला असता."

मी गॅस बंद करायला उठले. गॅस बंदच होता, ते तूही पाहिलंस. ओट्याशी उभी राहून बराच वेळ मी पुसलेला ओटा पुसला. तू लॅपटॉप मिटलास आणि बाबांना आणायला गेलास. संध्याकाळी तुझी गाडी होती. दारात तू मला वाकून नमस्कार केलास आणि मी म्हणाले, "आधार-संच वाढवून बघते." दुसरं काही गाडी सुटायच्या आत सुचेल असं वाटलं होतं.

सूनबाई पहिल्यांदा जेवायला आल्या, तेव्हा मी तुझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं. तू विषयाचा प्रश्न विचारलास असं मी धरून चालले. इतकंच सांगू शकते. अजून थोडा वेळ दे, मला अशा गोष्टी उशिरा कळतात.

एक मात्र आताच सांगते. निबंध मागे घेतलास त्यावर मी बराच विचार केला. तुझ्या वयाची असताना, नेमणूक समोर असताना, माझ्याकडे असं पत्र आलं असतं, तर मी काय केलं असतं? मी प्रामाणिक आहे असं सगळे म्हणतात. पण मला कधी तेवढी किंमत मोजावी लागली नाही. मी काय केलं असतं ते मला खात्रीनं सांगता येत नाही. तुझ्याबद्दल सांगता येतं.

आधार-संच वाढवला. फट थोडी कमी झाली, गेली नाही. त्यामुळे आता तुझ्या बाजूचं बघणं आलं, आणि तिथे मला काहीच कळत नाही. ज्या रेणूवर इतकी वर्षं घालवली तो मी एकदाही पाहिलेला नाही. झोत सुटतो म्हणजे काय होतं, लेझरचा रंग सरकवताना तुकडे यायला लागतात तेव्हा पडद्यावर नेमकं काय दिसतं, कुठला आवाज येतो का, हेही मला माहीत नाही. लोकांचे आलेख तपासत राहिले, प्रयोगशाळेच्या दारातून आत कधी गेले नाही.

मला तुझ्याकडे यायचं आहे. बाबा म्हणतात ते येणार नाहीत. दोघांमधे बसून उपाशी राहायची त्यांची तयारी नाही. मी एकटीच येईन. चौदा जूनची गाडी आहे, तिकीट काढून ठेवलंय. सोयीचं नसेल तर रद्द करता येतं, ते विचारून घेतलं.

मला ते यंत्र दाखव. मी कोपऱ्यात बसेन. कुठे हात लावायचा नाही ते आधी सांग. एखादा पंप बघायला, आकडे लिहून घ्यायला माणूस लागत असेल, तर ते काम मला दे. प्रयोगाचं मला काही येत नाही, तेव्हा शिकवावं लागेल. चुकले की तोंडावर सांग.

आई